फोटोत न आलेली मांडी

महाराष्ट्रातल्या सर्व अस्थिरोगतज्ज्ञांस,



आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे पत्र पुढे वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत ३३ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेला पीटीचा मास्तर आहे. उशिरा आला, मार पन्नास बैठका. गणवेश नाही, मार पन्नास. कवायतीत हसला, मार शंभर. अशा किती बैठका मी वाटल्या याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असेल. आज एकाहत्तराव्या वर्षी मी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून उठतो आणि बसतो, उठतो आणि बसतो, आणि दारात उभा राहून कुणीतरी जुना विद्यार्थी मोठ्यानं आकडे मोजतोय असा भास होतो. (बैठकीची शिक्षा करून टाकली, ही माझ्या पिढीच्या क्रीडाशिक्षकांची मोठी चूक. पण ते पत्र वेगळं लिहावं लागेल.)

सहासष्टाव्या वर्षी डाव्या गुडघ्यानं कुरकुर सुरू केली. जिना चढताना फारसं काही नाही, उतरताना मात्र वाटीखाली कळ. सकाळी उठल्यावर पाच-दहा मिनिटं पाय लाकडाचा. तुमच्यापैकी एकांकडे नंबर लावला. कोण, कुठले, ते सांगत नाही. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बाकावर बसून इतक्या जणांच्या हकिगती ऐकल्यात की ते कुणीही असू शकले असते. आमच्याकडे एक्स-रेला फोटो म्हणतात. "आधी फोटो काढून या," असं बाहेरच्या मुलीनं सांगितलं. फोटो घेऊन अडीच तास बसलो, आत चार मिनिटं होतो. डॉक्टरांनी फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, पेनानं एक रेघ दाखवली आणि म्हणाले, "गॅप गेलाय काका. ग्रेड थ्री. वंगण संपलंय." मग यादी. जिना टाळा. खाली बसू नका. मांडी घालू नका. बैठका तर विसराच. सहा महिन्यांच्या गोळ्या, एक नी-कॅप, आणि दोन-तीन वर्षांनी बदलूनच टाकू.

त्या चार मिनिटांत मला पँट गुडघ्याच्या वर सरकवायला कुणी सांगितलं नाही.

मी आज्ञाधारक माणूस. चार वर्षं सगळं पाळलं. सकाळचं फिरणं आधी निम्मं झालं, मग बंद. वरच्या मजल्यावरची पुस्तकं खाली आणली. पंगतीत बसणं सोडलं. आणि चार वर्षांनी दिवाळीच्या फराळाला माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. शाळेच्या खो-खो संघात होती, आता फिजिओथेरपिस्ट आहे. मी सोफ्यावरून उठलो, दोन्ही हात दाबून, थोडा झोका घेऊन. ती लाडू हातात घेऊन बघत राहिली. मग सौ.च्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टेप मागून घेतली, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटर मोजून खूण केली आणि दोन्ही मांड्यांचा घेर घेतला. उजवी ४४. डावी ४०.५. "सर," ती म्हणाली, "तुमची मांडी कुठं गेली?"

माझी तक्रार एवढीच आहे. बाकीचं सगळं पत्र हे तिचं स्पष्टीकरण समजा.

तुम्हाला शरीररचना शिकवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण हे पत्र तुमच्या बाहेरच्या बाकड्यावर बसलेली माणसंही वाचतील, म्हणून चार ओळी. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा गट असतो. चारही खाली येऊन एका जाड कंडरेत मिळतात, गुडघ्याची वाटी त्या कंडरेतच बसवलेली असते आणि पुढे ती कंडरा नडगीच्या हाडाला धरते. पाय सरळ करायचा, खुर्चीतून उठायचं, पायरी चढायची, हे काम त्यांचं. त्याहून मोलाचं काम मात्र दिसत नाही. चालताना टाच टेकली की गुडघा किंचित वाकतो आणि त्या वाकण्याला लगाम घालतो तो हाच गट. अंगाचा भार सांध्यावर आदळू न देता तो हळूच उतरवतो. जिना उतरताना तर सगळं वजन एका वाकत जाणाऱ्या पायावर पेलायचं असतं. म्हणून आमच्या वयाची माणसं चढायला कमी आणि उतरायला जास्त भितात, आडवी होऊन, कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरतात. आणि चढताना काय करतात ते तुम्ही कधी पाहिलंय का? तळहात मांडीवर रोवतात. हातानं मांडीला ढकलतात. दवाखान्याच्या तीन पायऱ्यांवर एक दिवस नजर ठेवा. निम्मं निदान तिथंच, फोटोच्या आधी होईल.

आमच्या भागात तालमी आहेत. पैलवान आखाड्यात उतरतो आणि शड्डू ठोकतो तो मांडीवर. समोरच्याला खाली घ्यायचं तर पट काढतात, म्हणजे मांडीलाच हात घालतात. वस्तादांना जे ठाऊक आहे ते तुम्हाला ठाऊक नसेल असं मी कसं म्हणू? ठाऊक आहेच. फक्त ते तुमच्या टेबलावर येत नाही.

दुसरी गोष्ट त्या विद्यार्थिनीनं मला सांगितली तेव्हा मी थक्क झालो. माझी समजूत होती की दुखतं म्हणून माणूस पाय वापरत नाही आणि वापरत नाही म्हणून स्नायू वाळतो. तेवढंच नाही. गुडघ्यात सूज आली, पाणी झालं, की ती बातमी मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथून मांडीला परस्पर हुकूम सुटतो: आवर. मग तुम्ही कितीही जोर लावा, स्नायू पुरता कामाला लागतच नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी गुडघ्यांत सलाइनचं पाणी भरून हे तपासलं होतं. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू मंदावायला २०–३० मिलिलिटर पाणी पुरलं. खोकल्याच्या औषधाची दोन-तीन टोपणं! माझ्या गुडघ्याला सूज अधूनमधून यायचीच. म्हणजे मांडीला आतूनच कुलूप लागलेलं होतं, आणि तुम्ही बाहेरून दुसरं लावलंत: हे करू नका, ते करू नका.

कोंबडी आधी की अंडं आधी, हा प्रश्नही इथं आहे. गुडघा दुखतो म्हणून मांडी खंगते, की मांडी खंगली म्हणून गुडघा दुखायला लागतो? १९९७ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या संशोधकांनी ६५ वर्षांवरच्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या फोटोत झीज होती पण गुडघा दुखत नव्हता, त्यांच्याही मांडीची ताकद कमी निघाली. दुखण्याच्या आधीच कुठंतरी गळती लागलेली असते, असा त्याचा अर्थ मी लावतो. मग फोटो काढताना मांडी का राहून जाते?

आता तुमच्या भाषेबद्दल. "वंगण संपलं", "गादी झिजली", "हाडावर हाड घासतंय". समजावून सांगायला सोपं पडतं, हे मान्य. पण ही भाषा मोटारीची आहे. वंगण संपलेली गाडी शहाणा माणूस रस्त्यावर काढत नाही, दारात उभी करतो. माझ्या चार वर्षांचं नेमकं तेच झालं. आमच्या संघातल्या एका बाई प्रत्येक पाऊल टाकताना आत हाड घासल्याची कल्पना करतात. त्यांना तसं वाटतंसुद्धा. त्यांच्या शेजारी बसणारे निवृत्त तलाठी ग्रेड फोर आहेत आणि शेतावर रोज जाऊन येतात. फोटोतली झीज आणि माणसाचं दुखणं यांचं प्रमाण जुळतंच असं नाही, हे तुमच्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं. तुम्ही सांगता ते ग्रेड १९५७ साली ठरवलेल्या वर्गवारीचे आहेत, आणि ती वर्गवारी हाडं आणि हाडांमधली जागा बघून केलेली आहे. त्यात मांडी नाही, जिना नाही, आणि दुखणंही नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वय ४५ किंवा अधिक, हालचालीनं वाढणारं दुखणं आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त नसणारा, एवढ्यावर निदान करावं. एरवी फोटोची गरज नाही. आमच्याकडे फोटोशिवाय आत सोडत नाहीत.

"खाली बसू नका" हे तुम्ही फार सहज म्हणता. ज्या देशात खुर्चीवर जन्मतात आणि खुर्चीवर जेवतात तिथं या वाक्याला फारशी किंमत मोजावी लागत नसेल. आमच्याकडे खाली बसणं म्हणजे माणसांत बसणं. पंगत खाली. भजन, हरिपाठ, सप्ताह खाली. विळी खाली, पाटा खाली, गावाकडचा संडास खाली. गौरीच्या हळदीकुंकवाला सौ. खुर्चीवर बसते तेव्हा बाकीच्या बायका सतरंजीवर असतात, आणि तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते ओशाळलेपण असतं. ती म्हणते, "सगळ्यांच्या वर बसल्यासारखं वाटतं." मांडीला मांडी लावून बसणं हा आपल्या भाषेत बरोबरीचा वाक्प्रचार आहे, डॉक्टर. त्यातून एखाद्याला उठवायचं असेल तर उठवा, काही गुडघ्यांना ते खरंच झेपत नाही. पण कशासाठी, किती दिवस, आणि परत बसता यावं म्हणून काय करायचं, हे सांगा. माझ्या वेळी यादीला शेवटची तारीख नव्हती. जन्मठेपेलाही असते म्हणतात.

आणि हो, मी हे पुरुषाच्या नजरेतून लिहितोय. तुमच्या बाहेरच्या बाकड्यावर पुरुषांपेक्षा बायका जास्त असतात. त्यांना आत गेल्यावर पहिलं वाक्य ऐकू येतं, "वजन कमी करा." वजनाचा मुद्दा खोटा नाही. एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, असं मोजमाप अमेरिकेत २००५ साली झालंय. पण ते वाक्य ज्या सुरात येतं, त्या सुरानं सौ.चं एक ग्रॅमही कमी झालेलं नाही. दवाखान्यात जाणं तेवढं कमी झालं.

आता चिठ्ठी. गोळीपुढे तुम्ही लिहिता १-०-१, जेवणानंतर, पंधरा दिवस. किती मिलिग्रॅम तेही लिहिता. व्यायामापुढे लिहिता, "थोडा व्यायाम करा." थोडा म्हणजे किती? कुठला? रोज की दिवसाआड? दुखलं तर थांबायचं की चालू ठेवायचं? मला एकदा एक कागद मिळाला होता. झेरॉक्सची झेरॉक्स, त्यावर अर्ध्या चड्डीतला एक गोरा माणूस पलंगावर पाय उचलून पडलेला, आणि खाली बाण. पाय वर चालला होता की खाली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या मात्र सहा महिने स्वच्छ अक्षरात होत्या. २००६ साली अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ती गोळी एकंदरीत साध्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. नाइस तर ती देऊच नका म्हणते, आणि ज्या 'जेल'च्या इंजेक्शनसाठी आमच्या संघातल्या एकांनी एफडी मोडली तेही नको म्हणते. त्याच कागदपत्रात व्यायाम मात्र सर्वांना सांगा असं लिहिलंय.

मला त्या विद्यार्थिनीनं जे लिहून दिलं ते असं होतं. पहिले दोन आठवडे: झोपून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबायची, मनात पाच मोजायचे, सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, आधी मोकळा, नंतर घोट्याला वाळूची पिशवी बांधून. पिशव्या सौ.नं जुन्या जीनच्या पायांच्या शिवल्या आणि किराणा दुकानदारानं तराजूवर तोलून दिल्या, अर्धा किलो, एक किलो, दीड किलो. मग खुर्चीतून उठबस, हात छातीवर घडी घालून. मग चार इंची पायरी, मग सहा इंची. दहा वेळा सहज जमायला लागलं की वजन वाढवायचं, आकडा वाढवत बसायचं नाही. दोन दिवसांमध्ये एक दिवस सुट्टी. दुखण्याचा नियमही लिहून दिला होता: व्यायाम करताना दहापैकी पाचपर्यंत दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पदावर आलं पाहिजे. नाही आलं तर एक पायरी मागे. ३३ वर्षं मी व्यायाम शिकवला आणि इतकी नेमकी चिठ्ठी मला स्वतःला कधी लिहिता आली नव्हती.

पहिल्या दिवशी तिनं परीक्षाही घेतली. साधारण १७ इंच उंचीची बिनहाताची खुर्ची, भिंतीला टेकवलेली. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता? माझे सात झाले. सत्तरीच्या पुरुषाचे बारापेक्षा कमी असतील तर ते कमी धरतात, त्याच वयाच्या बाईचे दहापेक्षा कमी असतील तर. (टेप चरबीही मोजते, खुर्ची फसत नाही.) सहा महिन्यांनी तेरा झाले. पहिल्या महिन्यात तर टेपचा आकडा हललाही नव्हता आणि तरी उठणं सोपं झालं होतं. स्नायू वाढायच्या आधी मेंदू त्याला पुन्हा हाक मारायला शिकतो, असं ती म्हणाली.

वय झालं आता काय, असं कुणी म्हणालं तर मी त्यांना बोस्टनची गोष्ट सांगतो. १९९० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. वृद्धनिवासातले ८६ ते ९६ वयाचे दहा जण, आठ आठवडे, पायांना वजन. नऊ जण शेवटपर्यंत टिकले आणि त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ते काही गुडघेदुखीचेच रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते, हे खरं. पण नव्वदीतला स्नायू ऐकतो, एवढं तर कळलं.

तुमच्यातले जे नियमित वाचतात ते आता मला २०२१चा अभ्यास दाखवतील. दाखवायलाच हवा. ३७७ रुग्ण, दीड वर्ष. काहींना भारी वजनं, काहींना हलकी, काहींना नुसत्या माहितीच्या बैठका. शेवटी दुखण्यात तिन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. मी तो अभ्यास तिच्याकडून समजून घेतला आणि दोन दिवस माझं तोंड उतरलेलं होतं. २००३चा आणखी एक आहे: ज्यांचे गुडघे वाकडे किंवा ढिले आहेत त्यांच्यात ताकदवान मांडीबरोबर झीज उलट जास्त वाढलेली दिसली. म्हणून वाकड्या पायाच्या माणसाला कुणीतरी जाणत्यानं बघूनच व्यायाम द्यावा. दुसऱ्या पारड्यात १९९७चा अभ्यास आहे, साठीपुढच्या ४३९ जणांचा, दीड वर्षाचा. त्यात वजनांचा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं आणि चालणं-फिरणं नुसती माहिती मिळालेल्यांपेक्षा सुधारलं. फार नाही, माफक. मांडी भरली की झीज भरून येते असं मी म्हणत नाही. माझा फोटो आज काढलात तरी ग्रेड थ्रीच येईल. माझं दुखणंही गेलेलं नाही. पावसाळ्यात ते हजेरी लावतं. पण मी संडासातून भिंत न धरता उठतो. एसटीच्या पहिल्या पायरीवर कंडक्टरला हात द्यावा लागत नाही. ७५ पूर्ण झाल्यावर प्रवास फुकट होतो आणि मला त्या सवलतीचा लाभ घ्यायचा आहे. तिकीट माफ झालं तरी पायरीची उंची तेवढीच राहते.

ऑपरेशनला माझा विरोध आहे असा समज करून घेऊ नका. डेन्मार्कमध्ये शंभर रुग्णांवरचा एक अभ्यास २०१५ साली आला. ज्यांचा गुडघा बदलला त्यांना वर्षभरानंतर जास्त आराम होता, यात वाद नाही. पण दुसऱ्या गटाला आधी व्यायाम, आहार, शिकवणी हे सगळं नीट दिलं, तर त्यांच्यातल्या साधारण चौघांपैकी एकालाच त्या वर्षात ऑपरेशन करावंसं वाटलं. बाकीचे थांबले. आमच्याकडे ऑगस्ट २०१७मध्ये सरकारनं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर आला. चांगलं झालं. पण गुडघा बदलला तरी मांडी जुनीच राहते, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात तिची ताकद आधीच्या निम्म्याच्याही खाली जाते, हे मोजलेलं आहे. आमच्या संघातले एक जण दोन्ही गुडघे बदलून आले, पाचव्या दिवशी घरी सोडलं, हातात तीच झेरॉक्स. गुडघा उत्तम बसलाय, फोटो सुंदर येतो. ते अजून मांडीवर हात रोवूनच जिना चढतात.

आमचीही बाजू स्वच्छ नाही. औषध न देता नुसता व्यायाम सांगणारा डॉक्टर आम्हाला आवडत नाही. बाहेर येऊन आम्हीच म्हणतो, "पाचशे रुपये घेतले आणि पाय उचलायला सांगितले." सुई टोचली की पैसे वसूल. मुंबईच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू होऊन सत्तर वर्षं झाली, तरी तालुक्याच्या गावात फिजिओ म्हणजे शेक देणारा माणूस. आम्ही मशीनच्या चिमट्यांखाली वीस मिनिटं डुलकी काढतो आणि व्यायामाची वेळ आली की आज जरा घाई आहे म्हणतो. सरकारही आमच्यासारखंच. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र माणसाला एकदा ३,००० रुपये मिळतात आणि त्यातून घ्यायच्या वस्तूंत नी-ब्रेस आहे. पट्टा विकत आणता येतो, उठबस आणता येत नाही, म्हणून यादीत पट्टा.

तर मागणं काय आहे? पेशंटला टेबलावर घ्या आणि दोन्ही मांड्या उघड्या करून बघा. चार मिनिटांत जमत नसेल तर ते काम बाहेरच्या मुलीला शिकवा: एक खुर्ची, एक घड्याळ, तीस सेकंद, आणि आकडा केसपेपरवर, जसं बीपी आणि वजन लिहिता तसं. पुढच्या वेळी तो आकडा आधी बघा, मग फोटो. व्यायाम गोळीसारखा लिहा, किती, कधी, केव्हा वाढवायचा ते सांगून, आणि मराठीत. फिजिओकडे पाठवाल तेव्हा चिठ्ठीवर 'शेक' लिहू नका, 'मांडीची ताकद' लिहा. मनाई करायची असेल तर तिला मुदत घाला. आणि वंगण हा शब्द मोटारवाल्यांना परत करा.

डेन्मार्कमध्ये २०१३पासून एक कार्यक्रम चालतो: दोन वेळा माहितीचा तास आणि आठवड्यातून दोनदा असे सहा आठवडे, बारा वेळा गटानं व्यायाम. यंत्रं लागतात असं नाही. आम्ही त्याची आमच्या ऐपतीची नक्कल केली आहे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता चौदा माणसं जमतात. खुर्च्या मंगल कार्यालयातून आणलेल्या, प्लास्टिकच्या, म्हणून घसरू नयेत यासाठी सगळ्या भिंतीला लावलेल्या. महिन्यातून एकदा ती विद्यार्थिनी येऊन प्रत्येकाची वही तपासते, बाकीच्या दिवशी आकडे मी मोजतो. शिक्षा कुणालाच नसते. कधी आमच्या बाजूला आलात तर जरूर या. एक खुर्ची तुमच्यासाठी ठेवू. दिवसभर ओपीडीत बसणाऱ्या माणसाचे तीस सेकंदांत किती होतात, हे बघायची आमच्यातल्या पुष्कळांना उत्सुकता आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
(डावा गुडघा, ग्रेड थ्री)

ता. क. : काल मोजलं. उजवी ४४.५, डावी ४२.५. टेप सौ.ची असल्यानं ताबडतोब ड्रॉवरमध्ये परत ठेवली आहे.